जिन्याखालची इस्त्री आणि गॅलरीतला झेंडा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ताठ उभं राहिलं तर डोकं आपटतं. इस्त्रीकाकूंचं आपटत नाही, कारण त्यांची उंची बेताची आणि मान कायम टेबलावर वाकलेली. एक टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, एक वजनदार इस्त्री आणि मागच्या भिंतीला तीन फळ्या, असं ते दुकान. वर एक पाटी आहे: "आमच्याकडून आजवर एकही कपडा बदललेला नाही." सासरे वारल्यावर काकूंनी ती त्यांच्या आठवणीत स्वतः रंगवली.

ही इमारत उठायच्या आधी इथे आमच्या आजोबा-पणजोबांची बैठी घरं होती आणि कोपऱ्यात काकूंच्या सासऱ्यांची कपडे धुवायची शेड. घरांच्या बदल्यात आम्हाला फ्लॅट मिळाले. शेडच्या बदल्यात सासऱ्यांना जिन्याखालची जागा मिळाली, तीही तोंडी. "तुम्ही काय परके आहात?" असं म्हणून सगळ्यांनी कागद करायचं टाळलं. त्यामुळे वार्षिक सभेत कुणाच्या पोटात दुखलं की पहिला ठराव जिन्याखालची जागा रिकामी करण्याचा येतो.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याने कॉलरी जाळण्यात नाव काढलं होतं. सासऱ्यांनी त्याला कारखान्यात चिकटवलं आणि इस्त्री सुनेच्या हातात दिली. पण आधी तीन महिने तिच्याकडून फक्त खुणा पाठ करून घेतल्या. तेव्हा सगळ्या घरांचे कपडे एकाच हौदात पडायचे, म्हणून प्रत्येक घराची एक दोऱ्याची खूण असे, शिवणीच्या आत, वरवर बघणाऱ्याला दिसू नये अशी. आमच्या घरची तीन निळे ठिपके. हेडबाईंच्या घरची दोन तांबडे टाके, फुलीसारखे. हेडक्लार्कांच्या घरचीही दोन तांबडे टाकेच, पण शेजारी शेजारी उभे. या सगळ्या खुणा घराच्या क्रमाने घातलेलं एक फडकं अजून काकूंच्या दुकानात खिळ्याला लटकतं. आता घरोघरी वॉशिंग मशीन आलं, खुणांची कुणाला गरज उरली नाही. काकू शर्ट नुसता बघून मालक सांगतात आणि खिशात सापडलेल्या चिठ्ठ्या न वाचता परत देतात. निदान न वाचल्यासारखं तोंड करून देतात.

तर झेंडा.

पहिल्या मजल्यावरचे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे सही करायला कागद उरला नाही. त्या भरात त्यांनी माळ्यावरची ट्रंक उघडली. तळाशी झेंडा निघाला. करडा, मधे पिवळा पट्टा, पट्ट्यावर काळा बुरूज. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या जुन्या राजवटीचा. ती राजवट अकरा वर्षं चालली. तेवढ्यात तिने किती माणसं उचलून नेली याचा आकडा अजून कुणी धड सांगत नाही, आणि नळाला चोवीस तास पाणी होतं हे मात्र सगळे सांगतात. हेडक्लार्कांनी तो झेंडा गॅलरीच्या गजाला बांधला. गॅलरी बरोबर इस्त्रीच्या दुकानावर, त्यामुळे झेंड्याचं टोक काकूंच्या पाटीवर लोळायचं.

"आमच्या आजोबांना खुद्द सरसेनापतींच्या हातून मिळालाय," हेडक्लार्क सांगू लागले. पहिल्या आठवड्यात नुसता मिळाला होता. दुसऱ्या आठवड्यात सरसेनापतींनी आजोबांच्या पाठीवर थाप मारली. तिसऱ्या आठवड्यात तर ते चहालाच थांबले.

समोरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर हेडबाई राहतात. मुख्याध्यापिका होत्या, त्या पदावरून निवृत्त झाल्या, त्या आवाजातून नाही. त्यांचे आजोबा त्या राजवटीत चार वर्षं तुरुंगात होते आणि बाहेर आले ते एका कानाने बहिरे होऊन. बाईंनी गॅलरीतून सुनावलं, "खाली घ्या ते!"

"इतिहास आहे हा, इतिहास!"

"तुरुंगही इतिहासच आहे. मग तिथेच जाऊन राहा की चार वर्षं!"

इमारतीच्या ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या चित्रांच्या जागी आता पुरावे येऊ लागले. ज्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही, ते साठ वर्षांपूर्वीचं डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगू लागले. खरं सांगतो, मला हेडबाईंचंच पटत होतं. पण पाण्याच्या टाकीची किल्ली हेडक्लार्कांकडे असते. म्हणून मी तटस्थ राहिलो. अशाच कारणांनी आमच्या इमारतीत तटस्थ लोक फार.

सभा रविवारी ठरली. हेडक्लार्क अध्यक्ष, हेडबाई चिटणीस. मंगळवारी हेडक्लार्क झेंडा घेऊन जिन्याखाली आले. मी तिथेच पँटची वाट बघत उभा होतो.

"काकू, याला कडक इस्त्री हवी. सभेत सगळ्यांसमोर उलगडणार आहे. आणि हो, नाही म्हणू नका. तुमच्या जागेचा विषयही आहेच सभेपुढे."

ते गेले आणि पाच मिनिटांत हेडबाई उतरल्या. टेबलावर नजर गेली. "काकू, त्या चिंधीला तुमची इस्त्री लागली, तर जागेच्या ठरावावर माझं मत काय पडेल ते तुम्हीच समजा."

त्याही गेल्या. काकूंनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, तुम्ही शिकलेले. सांगा, काय करू?"

"मी काय सांगणार? तुमचा धंदा."

"वाटलंच," काकू म्हणाल्या आणि माझी पँट माझ्या अंगावर टाकली.

त्यांनी झेंडा पसरला. सुरकुत्या काढायला कडेची शिवण बोटांनी सरळ करत नेली आणि एका कोपऱ्याशी थांबल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला. शिवण उलटी केली. आत दोन तांबडे टाके होते. फुलीसारखे.

मी म्हटलं, "हेडक्लार्कांची खूण."

"त्यांची उभी. ही फुली आहे." काकूंनी खिळ्यावरच्या फडक्याकडे बोट केलं. "ही हेडबाईंच्या घरची."

मला हसूच फुटलं. "म्हणजे हेडबाईंच्या आजोबांकडे झेंडा होता?"

"सगळ्यांकडेच होता. दारावर लावावाच लागायचा. दर शनिवारी धुवायला यायचे. सासरे सांगायचे, दोरीवर तीस-तीस वाळत असायचे."

"आमच्याकडचाही?"

"तुमच्याकडचे दोन यायचे. एक रोजचा, एक मिरवायचा."

माझं हसू जागच्या जागी वाळलं. आमच्या घरात आजवर झेंड्याचा विषय निघाला की आजोबा किती तटस्थ होते, एवढंच सांगायचे.

काकूंचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या खिळ्यावरच्या फडक्याकडे बघत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. हेडबाईंचे आजोबा त्या वेळी सरकारी कचेरीत कारकून होते. एके दिवशी त्यांनी आपला झेंडा धुवायला टाकला आणि सासऱ्यांना म्हणाले, घाई करू नकोस. दारावर झेंडा का नाही, असं शिपाई विचारायला आले की सांगायचे, धुवायला दिलाय. असं पाच आठवडे चाललं. सासरेही विचारणाऱ्याला सांगायचे, अजून वाळला नाही. सहाव्या आठवड्यात तपासणीवाले सरळ शेडमध्ये आले. दाखव, म्हणाले. सासऱ्यांनी गाठोडी उपसली, हौद उपसला. झेंडा नव्हता. खोटं बोलतात म्हणून त्यांनी आजोबांना कचेरीतूनच नेलं.

"मरेपर्यंत म्हणत होते, पोरी, तो झेंडा गेला कुठे? आज कळलं. फुली आणि उभे टाके, यात त्यांची गफलत झाली. हेडक्लार्कांच्या चादरींत घडी घालून दिला गेला. त्यांनी परत आणला नाही, का आणला नाही ते त्यांनाच ठाऊक. पण सासऱ्यांच्या हातून चुकलं नसतं, तर त्या माणसाची चार वर्षं वाचली असती, भाऊ."

डोक्यावर पाटी होती. एकही कपडा बदललेला नाही.

मी घाईघाईने म्हणालो, "काकू, कुणाला काही कळलेलं नाही. टाके उसवा, इस्त्री करा, देऊन टाका. रविवारी जागेचा विषय आहे. हेडबाईंना हे कळलं तर तुम्हाला एक दिवस इथे ठेवतील का?" इतकं स्पष्ट मत मी त्या महिनाभरात पहिल्यांदाच दिलं, आणि ते हे असं.

काकूंनी इस्त्रीचं बटण चालू केलं. "चुकून गेलेला कपडा सापडला की खुणेच्या घरी पोचवायचा आणि हात जोडायचे. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. मला दुसरं काही येत नाही."

त्यांनी झेंड्याला इस्त्री केली. मन लावून, बुरुजाच्या कडासुद्धा सरळ केल्या. शनिवारी हेडबाईंच्या साड्यांच्या चळतीवर तो ठेवला आणि जिना चढल्या. मी मागून गेलो. माझं काही काम नव्हतं, पण इतके दिवस तटस्थ राहून मला बघायची सवय लागली होती.

हेडबाईंनी दार उघडलं, चळतीवरचा करडा रंग बघितला आणि वर्गात गोंगाट झाल्यासारख्या कडाडल्या, "ही थट्टा आहे का?"

"खूण तुमची आहे, बाई." काकूंनी शिवण उलटी करून दाखवली. आणि दारातच उभ्या राहून सगळं सांगितलं. धुवायला टाकलेला झेंडा, पाच आठवडे, रिकामा हौद, हेडक्लार्कांच्या चादरी. शेवटी हात जोडले. "चूक आमच्या घरची. रविवारी तुम्ही जे ठरवाल ते मी ऐकेन. पाटी मी उतरवते आहे."

बाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. आजोबा पत्रकं वाटताना पकडले गेले, भाषण करताना पकडले गेले, असं त्या आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत.

"आम्ही लहानपणी त्यांना विचारायचो, तुम्ही काय केलं म्हणून तुम्हाला नेलं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना हळू आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. "ते म्हणायचे, मी कपडे धुवायला टाकले. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आम्ही हसायचो, काकू. मीसुद्धा हसायचे."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग झेंडा उचलला, इस्त्रीची घडी न मोडता काकूंच्या हातात परत ठेवला.

"आजोबांनी धुवायला दिला होता ना? परत आणायला सांगितलं होतं का कधी?"

"नाही. घाई करू नकोस म्हणाले होते."

"मग कशाला आणलात? न्या. धुवायला दिलेलाच राहू दे."

खाली हेडक्लार्क वाटच बघत होते. काकूंनी झेंडा वरच्या फळीवर ठेवला आणि फडक्यावरच्या दोन्ही खुणा त्यांना बोट ठेवून दाखवल्या.

"अहो, पण आजोबांना मिळाला होता तो!"

"मिळाला होता हे खरं आहे, साहेब. चादरीतून मिळाला होता."

"मग आमचा स्वतःचा कुठे गेला?"

"राजवट पडली त्या आठवड्यात तुमच्या आजींनी त्याचं पोतेरं केलं. सासऱ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. चांगली बाई होती, म्हणायचे."

रविवारी सभा भरली. झेंड्याच्या विषयावर अध्यक्षांना अचानक खोकला लागला. तेव्हा चिटणीसबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झेंडा धुवायला दिलेला आहे. तो परत येईपर्यंत लॉन्ड्री हलवता येणार नाही. जिन्याखालची जागा काकूंच्या नावाने कागदावर लिहून द्यावी, असा ठराव मी मांडते." हात वर झाले. मीही केला, आजूबाजूचे किती वर गेलेत ते मोजून. मग टाकीच्या गळतीवर दोन तास भांडण झालं आणि इमारत पूर्ववत झाली.

पाटीची जागा आता रिकामी आहे. चार खिळ्यांची भोकं दिसतात. मी म्हटलं, दुसरी लावा काहीतरी. काकू म्हणाल्या, कपडे येतात ना, मग पाटी कशाला?

हेडक्लार्क मात्र दर शनिवारी शर्ट न्यायला आले की फळीकडे बघत रेंगाळतात. पुन्हा ट्रंक उपसून झाली, त्यात काही निघालं नाही. मागच्या आठवड्यात त्यांना राहवलं नाही.

"काय हो काकू, तो... झाला का?"

काकूंनी मान वर केली नाही. कॉलरीवरून इस्त्री फिरवत म्हणाल्या, "अजून वाळला नाही."