उलट्या दाराचा पत्रा

मुलांनो, तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलंच असेल की आजी या वयात तोंडाला फडकं बांधून पार्किंगमध्ये गंज खरवडत बसते. खरं आहे. फक्त ‘या वयात’ हे शब्द गाळून वाचा.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. फिकट आकाशी, गोल दिव्यांची. हीच चालवत मी उल्हासनगरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला जायचे. तिचं मागचं डावं दार उलटं उघडतं, म्हणजे बिजागऱ्या पुढे नसून मागे आहेत. तुमच्या पणजीचे गुडघे वाकत नसत आणि नेहमीच्या दारातून तिला आत बसवणं म्हणजे जिन्यावरून कपाट चढवणं. आजोबा तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यात तपासणी अधिकारी होते. एमआयडीसीत त्यांच्या एका मित्राचं वर्कशॉप होतं. दोघांनी सुट्टीत बसून लेथवर नव्या बिजागऱ्या घडवल्या, त्या दारामागचा गाडीचा खांब आतून पट्टी मारून मजबूत केला आणि दार फिरवलं. मग पणजी पाठमोरी होऊन सीटवर टेकायची, दोन्ही पाय एकदम आत घ्यायची आणि म्हणायची, “आता हाका!” तिच्यासाठी बनवलेली वस्तू या घरात ही एकच. बाकी सगळं तिने दुसऱ्यांसाठी केलं.

आजोबा गेले आणि गाडी उभी राहिली. आमच्या सोनिवलीच्या सोसायटीने ठराव केला की बंद गाड्या होळीपर्यंत हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावू. सेक्रेटरी तुमच्या बाबांच्या वयाचे आहेत. ते स्वतः सांगायला आले.

“काकू, तुमच्या भावना मी समजू शकतो.”

“भावना पार्किंगमध्ये नाहीत. तिथे गाडी आहे.”

“पण चालत नाही ना ती?”

“चालेल.”

इंजिनाचं दुखणं मेकॅनिकने लवकर काढलं. अडलं ते त्या दारापाशी. खालची कड सडून लोंबत होती आणि रंगाला पापडासारखे फोड आले होते. एका फोडावर मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. उलटं दार चालत्या गाडीत सुटलं तर वारा ते फाडून नेतो. त्यामुळे मेकॅनिकने हात वर केले. दार धड करा, नाहीतर बदला, तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, म्हणाला.

उल्हासनगरला डेंटरकडे, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याकडे, गेले. हा सिंधी गृहस्थ बोलण्यात इतका वस्ताद की ठोकलेल्या गाडीचा मालकसुद्धा हसत बाहेर पडतो.

“आंटी, हे दार सोडा. कॅम्प तीनला माझ्या भाच्याकडे दुसरं पडलंय. एकदम सीधावाला.”

“मला उलटंच हवं आहे.”

“मग लांबी भरतो, ऊपर से कलर. चकाचक! किसी को पता नहीं चलेगा.” लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी.

“गंजाला कळेल ना.”

“आंटी, टीचर थी क्या?”

“होते.”

“तभी!” तो पोऱ्यांकडे बघून म्हणाला, “चाय बोलो. आंटी इतक्यात जात नाहीत.”

चहा पिताना ठरलं. सडका पत्रा कापायचा, नवी पट्टी जोडायची. वेल्डिंग तो आमच्याकडे येऊन करणार. दार उतरवणं, गंज काढणं, रंग, हे सगळं माझ्याकडे.

वॉचमन आणि दूधवाल्याने मिळून दार पार्किंगमध्ये मांडलेल्या माझ्या जुन्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आतलं अस्तर काढलं तेव्हा कारण सापडलं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत उतरलेलं पाणी तिथून निघून जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. आमच्या तपासणी अधिकाऱ्यांनी ती एकूण एक पुट्टीने बुजवली होती. आयुष्यभर मालात भोक दिसलं की तो परत पाठवायचा, हीच त्यांची नोकरी. स्वतःच्या गाडीत भोक कसं चालेल? बुजवलंही असं सुंदर, की बोट फिरवलं तरी समजू नये. दर पावसाळ्यात दार हंड्यासारखं भरत राहिलं. ते असते तर माझ्याशी वाद घातला असता आणि हरले असते. मी हातड्रिलने सगळी भोकं मोकळी केली.

मग खरवडणं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंज खाणारं ॲसिड, रबरी हातमोजे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, “काकू, हे सगळं सोडून भजनाला का येत नाही?”

“तिथे ग्राइंडर चालवू देतात का?”

तुमच्या बाबांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा माझ्या भुवयांवरसुद्धा लाल धूळ होती.

“आई, बंद कर हे. उद्या पडलीस तर मी इथून काय करणार?”

“आता करतोयस तेच. सल्ला देशील.”

त्याने फोन आपटला नाही, एवढं त्याचं कौतुक. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला आणि हातमोजे चांगले आहेत ना, एवढंच विचारलं.

डेंटर रविवारी आला. पातळ पत्र्यावर एका दमात वेल्डिंग मारलं तर तो तापून लाटांसारखा वर-खाली होतो. त्यामुळे एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये ओला फडका. त्याला घरी जेवायला पोचायची घाई होती. दोन टाके त्याने शेजारीशेजारी मारले की मी फडका घेऊन मध्ये यायचे.

“आंटी, शादी का जोडा सी रहे हैं क्या?”

“त्याहून नाजूक आहे. लग्नाचे कपडे एकदाच घालतात.”

शेवटी तो माझ्याकडेच जेवला.

रंग मी दुकानात जुना नमुना दाखवून बनवून आणला, तरी जुन्या आकाशीशी जुळला नाही. जुना उन्हाने विटला आहे, नवा तळाशी गडद पट्टीसारखा दिसतो. डेंटर म्हणाला, पूर्ण गाडी रंगवू, जोड कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, कळू दे. जे दुरुस्त केलं ते लपवायचं कशाला?

दार परत गाडीला बसवलं. होळीच्या आदल्या रविवारी सेक्रेटरी आणि कमिटीचे दोघे गाडी चालते का ते बघायला खाली उभे राहिले. सेक्रेटरींना मी मागे बसायला सांगितलं. ते दाराच्या भलत्याच बाजूला हँडल शोधत राहिले.

“काकू, हे... उघडेल ना वाटेत?”

“उघडलं तर तुम्हाला आधी कळेल.”

मूळ सोनिवली गावापर्यंत जाऊन परत आलो. रस्त्यावरचा एकही स्पीडब्रेकर मी चुकवला नाही. दार हललं नाही, की साधं खडखडलंही नाही. सेक्रेटरींनी मात्र वरची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

उतरल्यावर त्यांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं. “दार मजबूत आहे. पण खालचा पट्टा वेगळा दिसतो, काकू. सोसायटीत जरा...”

“वेगळा आहे, म्हणून वेगळा दिसतो.”

“ठीक. गाडी राहू दे. पुढच्या वर्षी मात्र परत बघावं लागेल.”

“बघा,” मी म्हटलं.

पुढच्या दारालाही फोड धरू लागले आहेत. होळी झाल्यावर ते उतरवायला घेतलं.