शबानाची पेशी

केडगावच्या दुकानात गादी भरून घेताना पिंजलेल्या कापसाची धूळ नाकात गेली आणि मी थेट तिसगावच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात जाऊन उभी राहिले.

माझी पेशी थर्माकोलची होती. पुस्तकातल्यासारखी नीटनेटकी, मधोमध लाल चेंडू आणि भोवती सगळं मोकळं. शेजारच्या टेबलावर माझ्या वर्गातल्या शबानाची. तिचे अब्बा गाद्या भरायचे. तिनं अर्ध्या मडक्यात कापूस, लोकर, मणी, चिंध्या असं काही ठासून भरलं होतं, की बोट शिरायला जागा नव्हती. तरी सगळी पोरं तिथंच बोटं घालून बघत होती.

"एवढी गर्दी असते का गं पेशीत?" बाईंनी विचारलं.

"जागा ऱ्हायली तर गादी बसती ना, बाई. ही पन बसंल," ती म्हणाली.

बाई हसल्या. पहिला नंबर मला दिला. पण माझ्या टेबलाशी कुणी थांबलं नाही, आणि बक्षीस हातात धरून मी जळत राहिले.

आता संगणकावर पेशी उभ्या करणं हेच माझं काम आहे. खऱ्या पेशीत मोकळी जागा जवळजवळ नसतेच, हे मी दरवर्षी शिकवते. पडद्यावरची ती दाटी बघायला विद्यार्थी पुढं सरकतात. मला तिथं मडकं दिसतं, आणि मी अजून जळते.