उंबराला बांधलेला दोर

आमची लंकाबाई म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. सिन्नरच्या ज्या जपानी कंपनीत मी कॅन्टीन सांभाळते, ती कंपनी उभीच हाय लंकाबाईच्या सासऱ्याच्या रानात. रान गेलं, पण कोपऱ्यातला उंबर अन् त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला म्हसोबा तिथंच राहिला. "देवाला एकटं कसं सोडू?" म्हणत ही बया तिथंच झाडू मारायला लागली. रोज आधी म्हसोबाला पाणी, मग कंपनीचं काम.

कंपनीच्या जपानी मोरीसाहेबांना तिचं लय कौतुक. मोडक्या हिंदीत सांगायचे, आमच्याकडं पण झाडात, डोंगरात, झऱ्यात देव राहतात, त्यांना 'कामी' म्हणतात. देऊळ नसलं तरी चालतं. लंकाबाई म्हणायची, "मग तुमचा न् आमचा एकच की!"

यंदा नवीन शेड काढायचं ठरलं. त्यासाठी उंबराशेजारची सुबाभूळ पाडायची होती. उंबराला कुणी हात लावू नये म्हणून साहेबांनी त्यांच्या रीतीनं त्याला जाड दोर बांधला, वर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या सोडल्या. म्हणजे इथं देव हाय. पण हे झाडं तोडणाऱ्या भिकनला कोण सांगणार? आपल्याकडं दोर बांधतात तो पाडायच्या झाडाला! त्यानं बिनधास्त उंबरालाच मशीन लावलं.

मी कॅन्टीनच्या दारातून पाह्यलं. करवत खोडात घुसली होती, पांढरा चीक गळत होता. लंकाबाई झाडू टाकून पळाली. "थांब, मेल्या!" त्या आवाजात त्याला काय ऐकू येतंय, कप्पाळ! ही सरळ जाऊन खोडाला बिलगली. तिचा पदर करवतीत ओढला गेला, टर्रकन फाटला. मी डोळेच मिटले. तेव्हा कुठं मशीन बंद पडल्याचं ऐकू आलं.

"मरायचंय का, मावशी?" भिकन ओरडला.

"याला मारून मला जगवतोस व्हय रे?" लंकाबाईचा आवाज चिरकला. तिला कधी रडताना पाह्यलं नव्हतं मी.

साहेब धावत आले. खोडातली ती चीर बघून पांढरेफटक पडले. "मेरी गलती," म्हणत लंकाबाईपुढं कमरेत वाकले ते वाकलेच. मला वाटलं, आता ही विरघळणार. कसली विरघळतीय!

"माझ्यापुढं काय वाकता, साहेब? करवत त्याला लागलीय."

साहेब उंबराकडं वळले अन् तिथंच मातीत गुडघे टेकले. भिकननं गपचूप पायातल्या चपला काढल्या.