पिवळा कमी करताना

लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात मी फोटो सुधारायचं काम करते. तळघरातल्या गोदामात कुणीतरी घाईघाईने मोबाइलवर साडीचा फोटो काढलेला असतो. साडी मरगळलेली, कडेला कुणाचा तरी अंगठा. मी तिला उजेड देते, काठ उठून दिसतील असं बघते आणि शेवटी पिवळा रंग उतरवते, कारण गोदामातला बल्ब सगळ्यावर पिवळी झाक मारतो. मग ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना जातात. साडी हातात पडल्यावर बायका फोन करून भांडतात की रंग वेगळाच निघाला. मालक शांतपणे सांगतात, "अहो बाई, फोटोतल्यासारखी साडी असती तर ती आम्ही विकली कशाला असती?" मोतिया रंग आणि सायीचा रंग यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. ही बढाई आत्ताच मारून घेते. पुढे ती मारायला तोंड राहणार नाही.

आई आणि मी मंडईच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. मी लग्न केलं नाही, आणि त्याची कारणं माझ्यापेक्षा नातेवाइकांना जास्त ठाऊक आहेत. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कॅनडात. आईला ऐकू कमी यायचं आणि फोनवर ओरडून बोलायचा दादाला कंटाळा, त्यामुळे दर रविवारी त्याचा एका ओळीचा मेसेज यायचा, "आईचा फोटो पाठव." मी आईला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, पलंगावर उशीला टेकवून बसवायची आणि एक फोटो काढायची. तिच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथे दिवसाही बल्ब लावावा लागतो. तो उजेड म्हणजे गोदामच. मग मी फोटोला उठाव द्यायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची.

पहिल्यांदा तो सुधारलेला फोटो दाखवला तेव्हा आईने चष्मा पुसून बघितला. "मला विकायला काढलीस का?" म्हणाली. मी पुसून टाकते म्हटलं तर मात्र लगेच, "असू दे. त्याला बरं वाटेल."

त्याला वाटायचंच, मलाही वाटायचं. येरवड्याची मावशी ग्रुपवर लिहायची, "छान ठेवलंयस हो आईला. नाहीतरी तुझ्यामागे दुसरा काय व्याप आहे!" त्यातलं दुसरं वाक्य गिळून मी पहिलं चार-चारदा वाचायची. कौतुक म्हणून आयुष्यात एवढंच वाट्याला आलं होतं, आणि ते मी हावरटासारखं घेत होते. मूळ फोटो मी ठेवत नसे. दुकानातली सवय, जागा अडते.

गणपती झाल्यावर फोटोत पिवळेपणा वाढला. मी बल्बला शिव्या घातल्या. रंगाची पट्टी मागे सरकवून पिवळा तीनने कमी केला. पुढच्या रविवारी पाचने करावा लागला, त्याच्या पुढच्या रविवारी आठने. आईला अंगाला खाज सुटायची, मी तिला खोबरेल तेल चोळायची. जेवण कमी झालं होतं, पण या वयात होतंच.

नवरात्रात दादाने विचारलं, "दिवाळीला येऊ, की मे महिन्यात मुलांना घेऊन येऊ? खरं सांग, आई कशी आहे?" मी उत्तर म्हणून दसऱ्याचा फोटो पाठवला. आईला मोरपंखी साडी नेसवली होती. त्या फोटोवर मी दुकानातल्या कुठल्याही पैठणीपेक्षा जास्त वेळ घालवला. पिवळा बाराने उतरवला, गालांवर किंचित गुलाबी चढवला आणि डोळ्यांतला पांढरा भाग वेगळा निवडून पांढराशुभ्र केला. दादाने लिहिलं, "एकदम टवटवीत! मग मे महिन्यातच येतो."

मी आईच्या कानाशी तोंड नेऊन तिला ते सांगितलं. तिने बोटांवर महिने मोजले. मग परत मोजले. "बरं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दिवाळीच्या आधी मी वैतागून तो बल्ब काढून टाकला. मंडईजवळच्या दुकानातून पांढरी ट्यूब आणली आणि बसवून घेतली. खोली दवाखान्यासारखी लख्ख झाली. आईला बसवलं, फोटो काढला. भिंत पांढरी आली, उशीचा अभ्रा पांढरा आला. आई पिवळी आली.

मी फोटो मोठा करून डोळे बघितले. मग फोन खाली ठेवून समोर बसलेल्या आईचे डोळे बघितले. हळदीचं बोट फिरवल्यासारखे. "काय बघतेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. तरीही मी पिवळा पंधराने कमी केला आणि फोटो पाठवून दिला. दुकानात दिवाळीची गर्दी होती, आई दवाखान्याचं नाव काढलं की रुसायची, ही कारणं लोकांना सांगायला बरी आहेत. खरं कारण असं की मावशीने "लक्ष कुठे होतं तुझं?" असं ग्रुपवर, सगळ्यांसमोर विचारलं असतं. आणि दादाने तिकडे बसून हुकूम सोडले असते, ही तपासणी कर, त्या डॉक्टरांना दाखव, रिपोर्ट पाठव. इतकी वर्षं आईचं सगळं मी करायचं आणि शेवटी त्याच्या हाताखालची कारकून व्हायचं, हे मला सोसवेना. म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर आणखी तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी आईच्या पोटात पाणीही ठरेना, तेव्हा तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी बोटाने पापणी ओढून विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?" मला प्रत्येक रविवारचा आकडा पाठ होता. तीन, पाच, आठ, बारा, पंधरा. तिचा आजार माझ्याइतका नेमका कुणीच मोजला नव्हता. "झाले असतील आठ-दहा दिवस," मी म्हणाले. पित्ताच्या नळीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "आपण दोन महिने आधी आणायला हवं होतं." तेही बिचारे सभ्यपणाने 'आपण' म्हणाले.

संध्याकाळी मी आईचा फोटो काढला आणि पहिल्यांदाच हात न लावता दादाला पाठवला. खाली लिहिलं, "लगेच नीघ." अर्ध्या तासाने तोच फोटो परत आला. त्याने तो उजळला होता. "तू अंधारात काढलायस. मी जरा ब्राइट केला, बघ. एवढी काही वाईट दिसत नाहीये. मागच्याच रविवारी किती छान होती! उगाच घाबरवू नकोस."

माझं डोकं फिरलं. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. त्याने केलेलं काम कच्चं होतं, आईचे गाल नारिंगी झाले होते. पण धंदा माझाच होता, शिकवलेला मीच. डॉक्टरांनी स्वतः फोन केल्यावर त्याने तिकीट काढलं. आई अधूनमधून शुद्धीवर यायची आणि विचारायची, "मे लागला का?" मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, तर ती दाराकडे बघत राहिली. तशीच गेली. दादा पोचला तो अस्थी गोळा करायला.

तेराव्याला दसऱ्याचा फोटो चौकटीत घालून हार घातला. बाकीचेही सगळे असेच सुधारलेले, शेवटच्या दोन वर्षांतला आईचा खरा चेहरा माझ्याकडे एकच होता, हॉस्पिटलमधला, आणि तो कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. लोक फोटोसमोर हात जोडून म्हणायचे, "काय तेज होतं हो चेहऱ्यावर!" मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "हो ना, मग एकाएकी कशी काय गेली?"

दादा उठून आईच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले. तो तिच्या पलंगावर बसला होता.

"मला एकाही फोटोत ती आजारी दिसली नाही," तो म्हणाला. "मी लांब होतो. तू तर रोज समोर होतीस. तुलाही दिसलं नाही?"

"इथे पिवळा बल्ब होता," मी म्हणाले. "मला वाटलं, त्याचाच रंग."

त्याने वर बघितलं. "ही तर पांढरी ट्यूब आहे. कधी बसवलीस?"

"तू यायच्या आदल्या दिवशी," मी म्हणाले. "घरात माणसं येणार म्हणून."

त्याचा चेहरा पडला. तोंडावर हात घेऊन तो रडायला लागला. "चुकलं माझं," म्हणाला. "तुझ्यावर संशय घेतला. तू नसतीस तर तिचं कोण होतं?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जाऊ दे. आणि त्याला माफ केलं.