दुबईचं कार्ड, राजारामपुरीची इमारत

मंडळी, आज भांडून घसा बसलाय, पण जीव भांड्यात पडलाय.

माझा भाचा संदीप बरीच वर्षं दुबईत उंच इमारतींवर परांच्या बांधत होता. तिथलं सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड घेऊन तो आज राजारामपुरीतल्या एका साइटवर काम मागायला गेला. सोबत मी. हे काम मिळालं नसतं, तर तो पुन्हा दुबई गाठणार होता.

सेफ्टी सुपरवायझर म्हणाला, “मावशी, हे कार्ड तिकडचं हाय. इथं चालत न्हाय.”

“का? तिकडे तोल गेला की माणूस वर उडतो?”

“खालीच पडतोय की! म्हणून तर नुसत्या कार्डावर कुणाला चढू देत न्हाय. चला पावणं, पट्टा बांधून दाखवा.”

संदीपने पट्टा बांधला, हूक अडकवून ओढून बघितला आणि परांचीवर सरसर चढला. मी डोळे मिटून घेतले. तो खाली आल्यावर सुपरवायझर एवढंच म्हणाला, “उद्यापासनं या.”

गडहिंग्लजला बहिणीला, संदीपच्या आईला, फोन लावला. “आता जाणार न्हाय न्हवं त्यो?” एवढंच विचारून ती रडायला लागली.

परीक्षा घ्या, जरूर घ्या. पण नुसतं “चालत न्हाय” म्हणून परत पाठवलेल्या मुलांनी शिकलेलं कुठे दाखवायचं? तुमच्या घरात कुणी परदेशातून परतलंय? त्यांचं कार्ड कुणी मानलं का?