हजेरी सक्तीची आहे

शर्मिला रणपिसे आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही तिला धड जमलं नाही. नोकरीची सगळी वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर काढली, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. आता आम्ही दोघीही निवृत्त आहोत. एरवी ती माझ्याशी फोनवर तास तास बोलते, पण रविवारी फोन उचलत नाही. लोक म्हणतात, रणपिसेबाई जरा विक्षिप्तच झाल्या. लोकांचं काय जातंय म्हणायला!

मी हेमा आगाशे, नारायण पेठेतली. तोंडाने फटकळ आहे, ते आधीच सांगून ठेवते. आमचं विद्यापीठ सरकारी आणि त्यातला आमचा विभाग दूरशिक्षणाचा. ज्यांना रोज कॉलेजात जाणं परवडत नाही, त्यांना घरी पुस्तकं पाठवायची, रविवारी जवळच्या एखाद्या शाळेत वर्ग घ्यायचे आणि तीन वर्षांनी पदवी द्यायची. रविवारच्या वर्गाला हजेरी सक्तीची होती. ती कमी भरली की परीक्षेला बसता येत नसे. हा नियम कुणी केला आणि का केला, कोण जाणे. सरकारी नियमांना आईबाप नसतात.

शर्मिलाही ह्याच विभागाची विद्यार्थिनी. तिचे वडील बाबुराव खडकीच्या कारखान्यात फिटर होते. छप्पन साली धम्म घेतलेलं घर. घरात सगळ्यांत चांगली जागा बुद्धाच्या मूर्तीला आणि तिच्या शेजारची हिच्या पुस्तकांना. आईने काही काम सांगितलं तर बाबुराव ओरडायचे, "तिला उठवू नको, मी करतो." ती दिवसा बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करायची आणि रविवारी दोन बस बदलून वर्गाला यायची. परतीच्या वेळी बाबुराव स्टॉपवर उभे असायचे. पोरगी उतरली की तिच्या हातातली पिशवी घ्यायची आणि पहिलं विचारायचं, "आज काय शिकवलं?"

एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. देशाची दारं उघडली म्हणून पेपर रकाने भरून छापत होते आणि त्याच वर्षी हिला परीक्षेचं दार बंद झालं. का, तर आईला दवाखान्यात न्यावं लागलं, एक रविवार चुकला आणि हजेरी तेवढीच कमी पडली. साहेबांपुढे रडली, काही उपयोग झाला नाही. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती पहिल्या वर्गात पास झाली, पण निकाल लागायच्या आत बाबुराव गेले. पोरीची पदवी बघायची म्हणून तो माणूस आयुष्यभर थांबला होता हो. एका रविवारापायी त्यांना ती बघता आली नाही. हे शर्मिलाने मनात धरलं, ते कायमचं.

पुढे ती एम. ए. झाली, आमच्याच विभागात लागली, समन्वयक झाली. कात्रजचं केंद्र तिने स्वतः मागून घेतलं. महापालिकेची शाळा, लहान मुलांचे बाक, त्यावर मोठ्या बायका अवघडून बसलेल्या. कुणी दूध पॅकिंगला जाणारी, कुणी अंगणवाडीत मदतनीस, कुणी नुसतीच घरात राबणारी. हजेरीपत्रकांवर शिक्के मारायला मी महिन्यातून एकदा जायची, म्हणून मला तो वर्ग माहीत. शिकणं व्हायचंच, पण शिकण्याहून गलका जास्त. डबे उघडायचे, एकमेकींच्या भाज्या पळवायच्या, वर्ग सुटल्यावर बसस्टॉपवर भेळ खायची, मग घरी.

त्यात चंपा म्हणून एक होती. घाटाच्या पायथ्याच्या गावातली, पण गाव आता शहरातच आलेलं. नवरा सर्जेराव हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. चंपा वर्गात आली की आधी खिडकीजवळचा बाक पकडायची, खोचलेला पदर सोडून मोकळी बसायची. हसायची तर अशी खदखदून की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जायचे. इतिहासात तर इतकी हुशार की शर्मिला म्हणायची, "हेमाताई, ही पोरगी मी एम. ए. पर्यंत नेणार." चंपालाही तेच हवं होतं. ती अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनिसाची सेविका व्हायचं, आणि मग पुढे पर्यवेक्षिका. त्या परीक्षेला पदवी लागते. तिसरं वर्ष तेवढं उरलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच विद्यापीठाला ऑनलाइन शिक्षणाचं धोरण आखायची लहर आली. मोबाइलचं नेट स्वस्त झालं होतं आणि जो उठेल तो फोनमध्ये तोंड खुपसून बसलेला. वरून आदेश आला की दूरशिक्षणाचा नवा आराखडा करा. समिती नेमली, त्यात शर्मिला. मदतीला हिंजवडीच्या कंपनीतला एक तरुण, गंधार नावाचा. मुलगा भला होता, उगाच नावं ठेवणार नाही. पण बोलणं असं की मला दर वाक्याला अर्थ विचारावा लागायचा.

"मॅडम, बेसिकली ह्या लेडीजचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम काय आहे?" त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं.

"प्रवास," शर्मिला ताडकन म्हणाली. "आणि सक्तीची हजेरी."

"एक्झॅक्टली! मग दोन्ही काढून टाकू."

झालं. बाई पदर खोचून कामाला लागली. धडे रेकॉर्ड करून घेतले, फोनवर उघडतील असे करून घेतले, चाचण्यासुद्धा फोनवर. हजेरीच्या नियमावर मात्र समितीत घोडं अडलं. जुन्या मंडळींना शिस्तीची काळजी. मीसुद्धा म्हटलं, "राहू दे की ग नियम, कुणाचं काय बिघडतंय?" मला पुढचं दिसत होतं अशी फुशारकी मी मारणार नाही. मला फक्त नवीन रजिस्टरं करायचा कंटाळा आला होता.

तेव्हा ती समितीत उठून उभी राहिली आणि बाबुरावांची सगळी हकीकत सांगितली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण थांबली नाही. "परत कुठल्याही बाईचं वर्ष एका रविवारासाठी जाता कामा नये," म्हणाली. नियम गेला. रविवारचे वर्गही गेले. पत्रकं छापली, प्रत्येक विद्यार्थिनीच्या घरी पोस्टाने धाडली. मजकूर तिचाच होता. "आता घरबसल्या पदवी. रविवारी वर्गाला येण्याची गरज नाही." खाली तिची सही.

शेवटच्या रविवारी ती कात्रजला पेढे घेऊन गेली, मीही बरोबर होते. तिने घोषणा केली. मला वाटलं, टाळ्या पडतील. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

चंपाने विचारलं, "म्हंजे मॅडम, यायचंच न्हाई?"

"अजिबात नाही!" शर्मिला हसून म्हणाली. "सुटलात सगळ्या!"

बायकांनी पेढे घेतले. त्या दिवशी भेळेला कुणी थांबलं नाही. परतीच्या बसमध्ये शर्मिला डोळे पुसत होती. "आज बाबा हवे होते," म्हणाली. मला इतकं बरं वाटलं तिला बघून, काय सांगू!

पहिले काही आठवडे विद्यापीठात कौतुकाचा नुसता पाऊस. मग गंधार जरा चाचरत सांगायला आला की कात्रजच्या बायकांचे धडे सुरू होतात, पण पुढे चाचण्या कुणी देत नाही. "रिमाइंडर पाठवू का मॅडम?" पाठवले. काही फरक पडेना. चंपाने तर एकही चाचणी दिली नव्हती. चाचण्या नाहीत तर अंतिम परीक्षा नाही. शर्मिलाला वाटलं, फोन बिघडला असेल. म्हणाली, "हेमाताई, चला, घरीच जाऊन बघू."

गेलो. चंपाच्या सासूने आम्हाला पाट दिले, चहा टाकायला सांगितला. चंपा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. रविवार होता, पाहुणे जेवायला. फोन फळीवर डब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यात शर्मिलाचा धडा चालू. शर्मिला फोनमधून शिकवत होती आणि समोर भाकरी फुगत होती. धाकटी मुलगी दोनदा येऊन आईचा पदर ओढून गेली. सासूने हाक मारली, "चंपे, पाणी दे गं." चंपा उठली. धडा आपला चालूच.

"शिकतीया की बाई," सासू कौतुकाने म्हणाली. "तुमी लई बेस केलं. पयलं रैवार आला की घर सोडून जायची. आता घरात बी असती आन शिकती बी."

निघताना चंपा फाटकापर्यंत आली. तिथं उभं राहून हळू आवाजात बोलली, कुणी ऐकू नये म्हणून.

"मॅडम, शिकायला घरातलं कुनी न्हाई म्हनत न्हवतं. पन म्हनून कुनी सोडतं व्हय? मी सांगायची, हजेरी सक्तीची हाय, न्हाई गेलं तर फी बुडंल. मग गप सोडायची. सरकारी नियम म्हनलं की ह्यांच्याबी तोंडाला कुलूप. तेवढा एक दिस माजा हुता. आता हिथं बसून पुस्तक उघडलं की कुनीतरी हाक मारतंच."

वर्षानुवर्षं त्या हजेरीपत्रकांवर मी शिक्के मारले, पण तो नियम ह्या बायका घरी ढालीसारखा पुढे धरत होत्या, हे मला कधी सुचलं नाही.

बसमध्ये बसल्यावर शर्मिला एवढंच बोलली. "माझ्या बाबांनी मला कधी विचारलं नाही, जायलाच हवं का म्हणून. त्यामुळे मला कळलंच नाही हो, हेमाताई."

दुसऱ्या दिवसापासून नियम परत आणायला तिने जिवाचं रान केलं. साहेबांनी शांतपणे चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, आपणच तर रडून काढायला लावलात." गंधार बिचारा मनापासून म्हणाला, "मी ह्या अँगलने विचारच केला नव्हता." पण एकदा लागू झालेलं धोरण, त्याची बक्षिसंसुद्धा मिळालेली. कोण मागे घेणार? तिच्या अर्जावर शेरा आला, पुढील आढाव्याच्या वेळी विचार करू.

पुढचा आढावा होईपर्यंत चंपाचं वर्ष संपलं असतं. मग शर्मिलाने ठरवलं. शाळेच्या शिपायाला विनवून एक खोली रविवारपुरती मिळवली आणि म्हणाली, "मी जाऊन सांगते, हजेरी पुन्हा सक्तीची झाली."

"शर्मिला, हे खोटं आहे," मी म्हटलं. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

पुन्हा आम्ही चंपाच्या दारात. ह्या वेळी सर्जेरावही घरी होता. शर्मिला पाटावर बसली, घसा साफ केला आणि म्हणाली, "नियम बदललाय. रविवारी हजर राहणं सक्तीचं आहे. चंपाला पाठवावं लागेल." आवाज असा निघाला की मलाच कीव आली. खोटं बोलायला सवय लागते. हिने कधी केलेलीच नव्हती.

चंपाने वर पाहिलं. काय तो चेहरा उजळला! हातातलं पीठ तसंच, आणि हसू आवरेना. मला वाटलं, सुटली पोरगी.

सर्जेराव माणूस वाईट नव्हता. तो उठला, आत गेला आणि भिंतीवरच्या फोटोमागे जपून ठेवलेलं पत्रक घेऊन आला. "मॅडम, पण ह्याच्यात तर यायची गरज न्हाई असं हाय," तो म्हणाला. "सही तुमचीच हाय ना? खाली नंबर हाय विद्यापीठाचा, विचारून घेऊ का? उगं तुम्हाला कुनी चुकीचं सांगितलं असंल तर."

खरंच चांगुलपणाने म्हणाला तो. फोन हातात घेतलासुद्धा.

शर्मिलाने पत्रकाकडे पाहिलं. स्वतःची सही बघत राहिली. मी मनात म्हणत होते, बोल गं, काहीतरी बोल, म्हण की नवीन पत्रक यायचंय. पण तिला दुसऱ्यांदा जमलं नाही.

"माझीच सही आहे," ती म्हणाली. "माझी... माझी चूक झाली असेल."

सासूबाई मोकळेपणाने हसल्या. "व्हतंय बाई, एवढ्या पोरी संभाळता तुमी." मग चंपाकडे वळल्या. "आगं, उभी काय ऱ्हायलीस? पाया पड बाईंच्या. तुजी वनवन वाचवली त्यांनी."

चंपाच्या चेहऱ्यावर आता काहीच नव्हतं. तिने पिठाचे हात पदराला पुसले, पुढे आली, वाकली आणि शर्मिलाच्या पायांवर डोकं ठेवलं. बांगड्या फरशीवर वाजल्या. शर्मिलाने तिला धरून उठवायला हात पुढे केला, पण सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई, पडू द्या, तुमचा मान हाय." आणि शर्मिला बिचारी तशीच पाय जोडून बसून राहिली.

चंपा त्या वर्षी परीक्षेला बसली नाही, पुढेही नाही. शाळेची ती खोली शर्मिलाने सोडली नाही. आजही रविवारी सकाळी ती कात्रजची बस पकडते, खोली झाडून घेते, खिडकीजवळचा बाक पुसते आणि एकटीच बसते. वर्ग सुटायची वेळ होईपर्यंत फोन उचलत नाही.