तोंडात मावेल तो सोबती नव्हे

माझ्या मावशीचं दुकान रंगीत माशांचं आहे आणि तिथली सकाळ मुडद्यांनी उजाडते. जाळी घेऊन ती टाक्यांवरून फिरते, मेलेल्यांना बादलीत टाकते आणि भाजी निवडावी तशा आवाजात निकाल देते. "हा कुरतडून मेला. हा भीतीनं. ही नवऱ्याच्या हातून."

गिऱ्हाईक रंग बघून भुलतं.

"ताई, ते दोन पट्टेवाले द्या, आणि ते लांब पदराचे पांढरे."

"टाकी केवढी, भाऊ?"

"असेल की टीव्हीएवढी."

"टीव्ही तुमचा, का थेटरातला?" मावशी काचेवर नख वाजवते. "हा टायगर बार्ब. पदर दिसला की ओढणार. संध्याकाळपर्यंत तुमचे पांढरे उघडे पडतील. घ्यायचाच तर पुरी टोळी घ्या, आपसात मारामाऱ्या करून दमतात."

"मग तो एंजल?"

"नाव देवदूताचं, पण पोट बघा. बारीक मासे गिळतो. एक लक्षात ठेवा, तोंडात मावेल तो सोबती नव्हे, घास."

एवढं कळणारी बाई, पण शटर खाली ओढलं की हे सगळं शहाणपण आतच कोंडलं जायचं.

मी मावशीकडेच राहायला. तिनं दुसरं लग्न केलं, त्याला अजून वर्ष झालेलं नाही. काका गॅरेजात गिअरबॉक्स खोलतात आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात. त्यांचा मुलगा काडी, मावशीचा मुलगा हातोडा, दोघं एकाच वयाचे. काडीची गादी हातोडाच्या खोलीत पडली आणि त्याच दिवशी हातोडाचा दात पडला. मग काडीच्या कानाचा लचका. मग मांडीत कंपासचं टोक. एकदा काडीनं त्याला भिंतीवर असा आपटला की पलीकडे शेजारणीचं घड्याळ खाली आलं आणि ती लाटणं घेऊन भांडायला आली. दोघांनाही मार बसला, काकांचा वेगळा, मावशीचा वेगळा. उपयोग शून्य.

शेवटी काकांनी पत्र्याची ट्रंक आणली.

"हं... माझ्या पोराला वसतिगृहात टाकतो. सोमवारी."

"आई गेल्यापासून त्याचं तुमच्याशिवाय कोण आहे?"

"हं... जिवंत तर राहील."

काडीनं ट्रंक उघडून बघितली, परत लावली. त्याची पाठ फिरताच हातोडानं ती लाथेनं चेपवली, आणि काडीनं त्याचं डोकं झाकणात घालून झाकण दाबलं. मावशीनं केसांना धरून दोघांना वेगळं केलं, तर तिचीच बांगडी फुटून मनगटातून रक्त आलं.

शनिवारी दुकानात सलूनवाला आला. हातात पिशवी, पिशवीत मेलेला मासा, डोळे नसलेला.

"ताई, माझ्या जुन्याला जोडी म्हणून दिलात. जुन्यानं नव्याचे डोळे खाल्ले की."

"दोघं एकाच मापाचे होते, भाऊ. माझ्या निवडीत चूक नाही. सोडताना दगड हलवलेत?"

"दगड कशाला हलवायचे? छान मांडले होते."

"जुन्यानं मांडणी पाठ केलेली असते. हा कोपरा माझा, ही गुहा माझी. नवा शिरला की तो पाहुणा नसतो, चोर असतो. जुन्याला आधी बाहेर काढायचं, दगड उलटेपालटे करायचे, मध्ये आडोसा ठेवायचा. नवा आधी सोडायचा, जुना सगळ्यात शेव..."

मावशी थांबली. सलूनवाला वाट बघत राहिला.

"शेवटी काय, ताई?"

"दुकान बंद आहे," मावशी म्हणाली.

घरी त्या खोलीत खिडकीखालचा पलंग हातोडाचा, कपाट हातोडाचं, भिंतीवरचे पहिलवान हातोडाचे. काडीची गादी दारामागे, दार उघडलं की त्याच्या डोक्यात. नऊ महिने आम्ही हे बघत होतो.

रविवारी मावशीनं हातोडाला दुकानात फिल्टर घासायला धाडलं. मी आणि काडीनं पलंग ओढला, कपाट फिरवलं, पहिलवान उतरवले. त्या चेपलेल्या ट्रंकेत मावशीनं जुन्या विटा भरल्या आणि ती खोलीच्या मधोमध उभी केली.

"काकू, ही ट्रंक माझी आहे ना?" काडीनं विचारलं. "उद्या लागेल."

"उद्याचं उद्या. आता इथंच बस. कुठे बसायचं ते तू ठरव."

हातोडा आला, दारातच गोठला. इकडे वळला, तिकडे वळला, आणि सुचेना म्हणून काडीच्या नाकावर एक ठोसा ठेवून दिला. काडीनं परत केला. दोन्ही नाकं फुटली. काका धावले, तर मावशी झाडू आडवा धरून उंबऱ्यात उभी.

"हं... अगं, रक्त आहे."

"खवले गेलेत. डोळे शाबूत आहेत. थांबा."

हातोडा मागे सरला, पण मागे त्याची भिंतच नव्हती, कपाट होतं. ट्रंकेमुळे काडी अर्धाच दिसत होता. दोघं धापा टाकत राहिले.

"खिडकी माझी," हातोडा म्हणाला.

"होती."

हातोडानं बाहीला नाक पुसलं.

"ट्रंकेच्या अलीकडे पाय टाकलास तर तंगडी मोडीन."

"मोड. आधी पलंगाचा कोपरा उचल, माझ्या पायावर आलाय."

पलंग सरकल्याचा आवाज आला. मग काही फुटल्याचा नाही आला. मावशीनं झाडू खाली केला.

काकांनी घसा खाकरला. "हं... उद्या ट्रंक लागेल ना?"

"ट्रंक कामात आहे," मावशी म्हणाली, आणि कापूस आणायला गेली.